आपल्याच कीपरला भर मॅचमध्ये बोलावं का?

मिरजेहून एकांनी प्रश्न विचारलाय. थोडक्यात असा: त्यांच्या गल्लीतल्या मंडळाची फुटबॉल टीम आहे. बारा वर्षं ते प्रत्येक मॅचला जातात, वर्गणी देतात, बाहेरगावी मॅच असली की पोरांना स्वतःच्या गाडीतून नेतात. परवा सेमीफायनलला टीम १-० ने पुढं होती. दुसऱ्या हाफमध्ये कीपरच्या हातातून अगदी साधा चेंडू निसटला आणि बरोबरी झाली. यांनी गोलमागूनच त्याला भरपूर सुनावलं. दहा मिनिटांनी कॉर्नरवर दुसरा गोल बसला, कीपर जागेवरून हललासुद्धा नाही. मॅच गेली. संध्याकाळी कॅप्टन घरी येऊन म्हणाला, "काका, गप बसणार असाल तरच पुढच्या मॅचला या." ते त्यांना फार लागलंय. ते विचारतात, ज्यांच्यासाठी एवढा जीव टाकतो त्यांना चार शब्द बोलायचा हक्क नाही का? सपोर्टरनं नुसत्या टाळ्याच वाजवायच्या का?

दादा, मी साताऱ्यात चोवीस वर्षं पोरांना फुटबॉल शिकवतोय. त्याआधी दहा-अकरा वर्षं लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या कडेचा डिफेंडर, म्हणून खेळलो. लेफ्ट बॅकचा अर्धा वेळ चुन्याच्या रेषेला लागून जातो. लोक एवढ्या जवळ उभे असतात की कोण तंबाखू मळतंय याचासुद्धा वास येतो. त्यामुळं बाहेरून बोललेलं आत कसं ऐकू येतं हे मी दोन्ही बाजूंनी अनुभवलंय, आणि तुमचा प्रश्न मला अगदी मनापासून महत्त्वाचा वाटतो.

हक्काचं म्हणाल तर तो तुम्हाला आहे. बारा वर्षं उन्हातान्हात उभ्या राहिलेल्या माणसाला नसेल तर कुणाला असणार? पण हक्क आहे एवढ्यानं काम भागत नाही. मी प्रश्न असा विचारेन: तुम्ही ओरडलात, त्याच्या पुढच्या मिनिटभरात त्या पोरानं काय केलं?

मी ती मॅच पाहिलेली नाही. तो दुसरा गोल तुमच्या बोलण्यामुळंच झाला असं मी म्हणणार नाही. कॉर्नरवर गोल व्हायला शंभर कारणं असतात. पण तुम्ही वर्णन केलाय तसा कॉर्नर मी पुष्कळदा पाहिलाय. कॉर्नरचा चेंडू हवेत असतो तेव्हा कीपरला एका क्षणात ठरवायचं असतं, बाहेर पडून चेंडू घ्यायचा की लाईनवर थांबायचं. गोलपुढचा छोटा चौकोन रेषेपासून जेमतेम साडेपाच मीटर पुढं येतो. त्यात आपले चार, त्यांचे चार, सगळे उड्या मारणार. त्या गर्दीत घुसून हात वर करायचा तर मनात शंका असून चालत नाही. आता ज्याच्या हातातून दहा मिनिटांपूर्वी चेंडू निसटलाय आणि ज्याला त्याबद्दल मागून कुणीतरी नाव घेऊन झोडपलंय, त्याच्या डोक्यात काय चाललेलं असतं? "परत हातातून सुटला तर?" मग तो लाईनवर थांबतो. लाईनवर थांबून गोल झाला तर लोक डिफेन्सला बोलतात, बाहेर येऊन चेंडू सुटला तर त्याला. तो स्वतःला वाचवत असतो. हे तो ठरवून करत नाही, त्याचे पायच उचलत नाहीत.

मैदानातल्या बाकीच्या खेळाडूंचं असंच होतं, फक्त ते बाहेरून दिसत नाही. आम्ही त्याला 'लपणं' म्हणतो. पुढच्या मॅचला एक करून बघा. ज्याला लोकांनी चांगलं झापलंय असा एक खेळाडू निवडा आणि पाच मिनिटं चेंडूकडं न बघता फक्त त्याच्याकडं बघा. तो पळताना दिसेल, हात वर करताना दिसेल. पण नीट पाहिलंत तर तो समोरच्या खेळाडूच्या बरोबर मागं उभा असतो, म्हणजे त्याला पास देताच येत नाही. चेंडू मिळाला नाही तर चूकही होणार नाही, असा त्याचा हिशेब असतो. चेंडू आलाच तर पहिल्या टचला तो दुसऱ्याला देऊन टाकतो, पुढं बघतच नाही. नव्वद मिनिटांत एका खेळाडूच्या पायाशी चेंडू जेमतेम दोन-तीन मिनिटं असतो. उरलेला सगळा वेळ तो जागा शोधण्यात जायला हवा. लपणारा खेळाडू तो वेळ आडोसा शोधण्यात घालवतो, आणि आपली टीम अकराची असून दहाची होते. लोकांना फक्त एवढंच दिसतं की हा आज खेळतच नाहीये, म्हणून लोक अजून ओरडतात.

आता दुसरी गोष्ट. बाहेरच्याला खेळ जास्त दिसतो हे खरं आहे, आणि सपोर्टरचा राग बहुतेक तिथूनच येतो. गॅलरीच्या वरच्या पायरीवरून मैदान नकाशासारखं दिसतं. राईट विंगला, म्हणजे उजव्या कडेला, मोकळा उभा असलेला पोरगा तुम्हाला दिसतोय, मग मैदानाच्या मधोमध खेळणाऱ्या हाफला का दिसू नये? कारण तो जमिनीवर उभा आहे, त्याच्या डोळ्यासमोर दोन छाताडं आहेत, आणि चेंडू नांगरटीत उसळावा तसा उसळतोय. मी स्वतः खेळायचं सोडून पहिल्यांदा गॅलरीत बसलो तेव्हा मलाही हाच राग यायचा. महिनाभर तसं चाललं. मग एके दिवशी प्रॅक्टिसला मुद्दाम हाफच्या जागेवर उभा राहिलो तेव्हा आठवलं की इथून काहीच दिसत नाही.

तरीही बाहेरून सूचना द्यायच्याच नाहीत का? इथं मला एक प्रसंग सांगायलाच हवा, कारण त्यानंतर माझ्या टीमचे नियम बदलले. सुब्रतो कप या शाळांच्या फुटबॉल स्पर्धेच्या जिल्हा पातळीवरच्या मॅच पावसाळ्यात असतात. साताऱ्याचा जुलै कसा असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. अजिंक्यतारा ढगात, मैदानात घोट्यापर्यंत चिखल. सतरा वर्षांखालच्या मुलांची मॅच, शेवटची आठ मिनिटं, आम्ही एका गोलनं पुढं. समोरून एक लांब चेंडू आला आणि चिखलात अडकत अडकत आमच्या गोलकडं चालला. आमचा स्टॉपर, म्हणजे मधला डिफेंडर, अकरावीतला, शांत डोक्याचा मुलगा. तो चेंडूपाशी आरामात पोचणार होता. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "सोड! सोड!" तो थांबला. त्याला वाटलं कीपर बोलला. कीपरला वाटलं स्टॉपर बाहेर मारतोय. चेंडू दोघांच्या मध्ये चिखलात रुतला आणि त्यांच्या फॉरवर्डनं बुटाच्या टोकानं आत ढकलला. ओरडणारा माणूस त्याच मुलाचा मामा होता. कोयना भागातून पहाटेच्या एसटीनं फक्त भाच्याची मॅच बघायला आलेला. चेंडू रेषेबाहेर जाईल असं त्यांना तिथून खरोखर वाटलं होतं. गोल झाल्यावर त्या मुलानं माझ्याकडं बघितलं नाही, कीपरकडंही नाही. तो गर्दीत तो आवाज शोधत होता. मॅच टायब्रेकरला गेली आणि आम्ही हरलो. मामांनी परत कधी मॅचला येणार नाही म्हणून सांगितलं. त्यांना परत आणायला मला पूर्ण वर्ष लागलं.

तेव्हापासून मी पालकांना आणि मंडळाच्या लोकांना सीझनच्या सुरुवातीलाच सांगतो: 'सोड', 'मार', 'थांब', 'पुढं हो' हे शब्द बाहेरून नकोत. हे शब्द आतल्यांचे आहेत. खेळाडू एकमेकांना हेच सांगत असतात, आणि आवाज कुणाचा हे ओळखायला त्यांना वेळ नसतो. शिट्टीचंही तसंच. प्रेक्षकानं वाजवलेल्या शिट्टीनं खेळात अडथळा आला असं रेफरीला वाटलं तर तो खेळ थांबवतो आणि ड्रॉप बॉलनं, म्हणजे चेंडू हातातून जमिनीवर टाकून, पुन्हा सुरू करतो, असा नियमच आहे. म्हणजे आपला फॉरवर्ड एकटा गोलकडं पळतोय आणि आपल्याच माणसाच्या शिट्टीनं चढाई संपली, असं होऊ शकतं. पिपाणी, ढोल आणा, शिट्टी घरी ठेवा.

आपल्याकडं कुस्तीची सवय आहे, तिचाही यात भाग आहे असं मला वाटतं. सांगली-साताऱ्याच्या माणसाला फडाभोवती बसून ओरडायचं बाळकडूच मिळालेलं असतं. पण फडात बघा, हजारो माणसं ओरडत असली तरी पैलवानाचा कान एकाच माणसाकडं असतो, आखाड्याच्या कडेला उकिडव्या बसलेल्या वस्तादाकडं. तो 'दम घे' म्हणाला की पैलवान दम घेतो, 'पट काढ' म्हणाला की पटात शिरतो. बाकीचा गलका त्याच्यासाठी हलगीसारखा असतो, अंगात वारं भरणारा. फुटबॉलमध्ये वस्ताद शंभर मीटर लांबीच्या मैदानाच्या एका कडेला असतो, आणि पलीकडच्या विंगला त्याच्यापेक्षा तुमचाच आवाज मोठा ऐकू येतो. म्हणून मला वाटतं सपोर्टरनं वस्ताद होऊ नये, हलगी व्हावं. आमच्या एका फायनलला पोरांनी खरोखरच हलगी आणली होती. हलगीत शब्द नसतो, त्यामुळं चुकीची सूचना जात नाही आणि कुणाचं नावही घेतलं जात नाही. टीम दमलेली असताना तिचा ठेका वाढला की पाय आपोआप उचलतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठापेठांचे सपोर्टर काय काय बोलतात, परदेशात तर ऐंशी हजार लोक शिव्या देतात, तिथं खेळाडू लपत नाहीत. इथं मला कबूल केलं पाहिजे की बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे.

पहिलं म्हणजे गर्दी किती. ऐंशी हजारांत एका माणसाचा आवाज खेळाडूला कळत नाही, सगळ्यांचा मिळून एक आवाज होतो. आपल्याकडं दोनशे माणसं असतात. कोण बोललं, कुणाच्या घरातलं बोललं, सगळं आत कळतं. त्यातून आपण नावानं बोलतो, कधी कधी बापाच्या नावानं. तुमचा कीपर तुमच्याच गल्लीतला. मॅच संपल्यावर त्याला तुमच्या दारावरून घरी जायचंय.

दुसरं, वय आणि पैसा. ज्याला महिन्याला पगार मिळतो, ज्याचं ते कामच आहे, त्यानं लोकांचं बोलणं झेलायला शिकायला हवं, आणि ते शिकवलंही जातं. दिवसभर एमआयडीसीत शिफ्ट करून किंवा कॉलेजचे तास संपवून जो फुकट खेळतो, त्याच्याकडून मी तेवढी अपेक्षा करणार नाही. आणि सोळाच्या आतल्या मुलाला मॅच चालू असताना बाहेरून एकही वाकडा शब्द जाऊ नये. यात मी कुणाला सूट देत नाही, आईबापांनाही नाही.

तिसरं, खेळाडू कोण. असे काही असतातच की ज्यांना डिवचलं की ते पेटतात. माझ्याकडं एक सेंटर फॉरवर्ड होता, त्याला "आज झोपून आलास काय रं?" म्हटलं की पुढची दहा मिनिटं तो वाघासारखा खेळायचा. पण हे मला माहीत होतं, कारण मी त्याला सहा वर्षं ओळखत होतो. त्याच्यावरून लोकांनी सगळ्या पोरांना तेच औषध द्यायला सुरुवात केली तेव्हा दोघांनी बूट टांगून ठेवले. एकाला मी परत आणलं, दुसरा आला नाही.

मोठ्या क्लबांबद्दल मी तीन घटना नेहमी सांगतो, कारण सपोर्टरनं बोलू नये असं मला म्हणायचंच नाहीये. बोलावं, पण कधी आणि कुणाला, ते या घटनांतून नीट कळतं.

जर्मनीच्या डॉर्टमुंडचं घ्या. त्यांच्या दक्षिणेकडच्या स्टँडमध्ये पंचवीस हजारांच्या आसपास माणसं उभी राहून मॅच बघतात. फेब्रुवारी २०१५ मध्ये ही टीम लीगमध्ये अगदी तळाला, अठराव्या नंबरवर होती. घरच्या मैदानावर ऑग्सबर्गकडून १-० ने हरली, तेही समोरचा एक खेळाडू बाहेर गेलेला असताना. शेवटची शिट्टी झाल्यावर लोकांचा राग फुटला. तेव्हा त्यांचा कीपर वायडेनफेलर आणि कॅप्टन हुमेल्स दोघं त्या स्टँडच्या कुंपणापाशी गेले, वायडेनफेलर तर कुंपणावर चढला, आणि त्यांनी लोकांचं तोंडावर ऐकून घेतलं. पुढच्या चारही लीग मॅच टीमनं जिंकल्या आणि सीझन सातव्या नंबरवर संपवला. एवढ्या बोलण्यानं विजय मिळाले असं मी म्हणत नाही. पण लोक रागावले होते, ते समोरासमोर बोलले, खेळाडूंनी ऐकलं, आणि हे सगळं मॅच संपल्यावर झालं.

दुसरी लिव्हरपूलची, ६ फेब्रुवारी २०१६. मालकांनी एका स्टँडचं सगळ्यात महाग तिकीट ७७ पौंडांचं करायचं ठरवलं होतं. लोकांनी खेळाडूंना एक शब्द बोलला नाही. ७७ वं मिनिट झालं आणि हजारो माणसं उठून मैदानाबाहेर निघून गेली. टीम तेव्हा २-० ने पुढं होती. गर्दी कमी झालेल्या स्टँडसमोर संडरलंडनं दोन गोल मारले आणि मॅच २-२ सुटली. चार दिवसांत मालकांनी तिकिटाचा निर्णय मागं घेतला. राग मालकांवर होता, आणि तो मालकांपर्यंतच पोचवला गेला. पण गर्दी निघून गेल्यावर टीमचं काय झालं तेही या मॅचमध्ये दिसलं.

तिसरी आपल्या देशातली. १ जून २०१८ ला मुंबईत, अंधेरीच्या मैदानावर भारतानं चायनीज तैपेईला, म्हणजे तैवानच्या टीमला, ५-० ने हरवलं, सुनील छेत्रीनं तीन गोल मारले. बघायला जेमतेम अडीच हजार लोक होते. दुसऱ्या दिवशी छेत्रीनं व्हिडिओ टाकून लोकांना विनवलं की आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या. ४ जूनला केनियाविरुद्धच्या मॅचची सगळी तिकिटं संपली. ती छेत्रीची शंभरावी आंतरराष्ट्रीय मॅच होती. पाऊस पडत होता, भारत ३-० ने जिंकला, दोन गोल त्याचे. म्हणजे देशाच्या कॅप्टनला टीकेची भीती नव्हती, रिकाम्या खुर्च्यांची होती. दादा, तुम्ही बारा वर्षं त्या खुर्चीत बसलेले आहात. तुमच्या कॅप्टननं तुम्हाला 'येऊ नका' म्हटलेलं नाही, 'गप बसणार असाल तर या' म्हटलंय. या दोहोंत फार फरक आहे. मला तर त्यात तुम्ही यावं हीच इच्छा दिसते.

रेफरीबद्दल थोडंसंच. २०२० मध्ये कोरोनात रिकाम्या स्टेडियममध्ये मॅच झाल्या तेव्हा युरोपातल्या बऱ्याच लीगमध्ये घरच्या टीमचा फायदा कमी झाला, आणि पाहुण्या टीमला एरवी जास्त पिवळी कार्डं मिळायची तो फरकही घटला. म्हणजे गर्दीचा दाब रेफरीवर पडतो हे खरं. पण आपल्या पातळीवर याचा उलटा परिणाम मी जास्त पाहिलाय. बाहेरचे रेफरीला शिव्या देऊ लागले की पाचव्या मिनिटाला आतली पोरंही हुज्जत घालतात, आणि कार्ड पोरांना मिळतं.

आता, मॅच चालू असताना कसलीच टीका नको का? एक आहे जी मी चालवून घेतो. चुकीवर बोलू नका, आळसावर बोला. पास चुकणं, चेंडू सुटणं, पेनल्टी वाया जाणं, या गोष्टी खेळाडूनं मुद्दाम केलेल्या नसतात. त्याच्याइतकं वाईट कुणालाच वाटत नसतं. पण चेंडू गेल्यावर कंबरेवर हात ठेवून उभं राहणं, मागं न पळणं, आपल्याच पोराला हातवारे करून झापणं, हे त्याच्या हातात असतं. तिथं "मागं पळा रे!" असं सगळ्या टीमला उद्देशून ओरडलंत तर मी तुमच्या शेजारी उभा राहून ओरडेन. नाव मात्र घेऊ नका. नाव फक्त चांगल्याला घ्यायचं.

आणि "बांगड्या भरा" हे वाक्य कायमचं बंद करा. आमच्या मुलींच्या टीमची मॅच संपली होती आणि त्या रेषेपाशी बसून मुलांची मॅच बघत होत्या. मागून कुणीतरी मुलांना हे ओरडलं. आमच्या मुलींची लेफ्ट विंग, हातात खरोखर काचेच्या दोन बांगड्या, नुकतीच मॅच जिंकून आलेली, गुडघा सोललेला. तिनं वळून पाहिलं आणि परत मान पुढं केली. ती काही बोलली नाही. मला तो क्षण अजून टोचतो, कारण मीही तेव्हा काही बोललो नाही.

प्रोत्साहनातही चुका होतात, त्याबद्दल कुणी बोलत नाही. चाळीस यार्डांवरून "मार! मार!" असा गलका झाला की पोरगा मारतो आणि चेंडू झाडीत जातो. एकाच स्टार खेळाडूच्या नावाचा जयघोष चालला की बाकीचे दहा त्यालाच पास शोधत बसतात, आणि समोरच्या टीमला कुणाला धरायचं ते कळतं. चूक झाल्यावर "भारी भारी" म्हणणंही खोटं वाटतं, पोराला ते कळतं. चूक झाली की मी फक्त दोन शब्द सांगतो: "पुढचा चेंडू." झालेल्यावर काही नाही, येणाऱ्यावर बोलायचं. बाहेरच्यांसाठीही हेच बरं. आणि ज्याचं कौतुक कुणीच करत नाही त्याचं करा. डिफेन्सनं चेंडू नुसता बाहेर काढला, हाफनं तीस मीटर मागं पळून एक आडवा पाय घातला, तिथं "लई भारी!" असा आवाज आला ना, की तो पोरगा पुढच्या वेळी चाळीस मीटर पळतो. तुम्हाला खेळ कळतो हे त्यालाही तेव्हाच कळतं.

मॅचनंतरच्या टीकेबद्दल माझी पद्धत सांगतो, कारण तुमच्याजवळ बोलण्यासारखं खूप असणार आणि ते वाया जाऊ नये. हरल्याच्या संध्याकाळी काही बोलायचं नाही. एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकट्याला गाठा, चारचौघांत नको, व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नको. आधी त्यालाच विचारा, "तुला काय दिसलं तिथं?" निम्म्या वेळा असं काही कळतं की जे बाहेरून दिसतच नाही: सूर्य डोळ्यांवर होता, बूट निसटत होते, आदल्या दिवशी नाईट शिफ्ट होती. मग तुमचं म्हणणं एकच सांगा. पाच चुका सांगितल्या तर तो एकही सुधारत नाही. आणि टीम कशी लावली, बदली खेळाडू उशिरा का घेतला, हे प्रश्न खेळाडूचे नव्हेत, कोचचे आहेत. ते कोचला विचारा. माझ्याकडं असे दोन जुने सपोर्टर येतात. त्यांच्या सांगण्यावरून मी एकदा राईट बॅकची जागा बदलली आणि तो मुलगा पुढं विभागीय टीममध्ये गेला.

तर आता तुमचं. मी तुमच्या जागी असतो तर आधी कॅप्टनला फोन केला असता. माफी मागायला नव्हे, "पुढच्या प्रॅक्टिसला येऊ का?" एवढं विचारायला. तो हो म्हणेल. मग त्या दिवशी कीपरशी मॅचबद्दल काही बोलू नका. नुसते त्याच्या गोलमागं जाऊन उभे राहा, नेमके परवा होता तिथंच, आणि पोरांना पेनल्टीच्या खुणेवरून, अकरा मीटरवरून, वीस चेंडू मारू द्या. प्रत्येक चेंडू निघाल्यापासून त्याच्यापर्यंत यायला किती वेळ लागतो ते बघा. गोलपुढची जमीन बघा, कीपरच्या पायांनी तिथली माती नेहमी खरवडलेली असते, खड्डा पडलेला असतो, आणि साधा चेंडूही तिथं शेवटच्या क्षणी उडी घेतो. विसाव्या चेंडूनंतर तो पाणी प्यायला तुमच्याकडं वळेल. बाटली त्याच्या हातात द्या आणि विचारा, "तो परवाचा चेंडू उसळला होता का रे?" मग तो काय सांगतो ते ऐका.